डबलसीटची फळी

हार्ले-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड अल्ट्रा पेट्रोल-ऑइलसकट चारशे किलोच्या आसपास भरते. एवढं धूड सिग्नलला थांबवताना चालवणारा पाय खाली सोडतो. गाडी अजून वीतभर पुढे सरकत असते, पाय मात्र डांबरावर रोवला गेलेला असतो आणि मागून पोटरीवर एक टणक कड येऊन आदळते. मागे बसणाऱ्यासाठी लावलेल्या पायफळीची ही कड. पार्किंगमधून गाडी बाहेर काढतानाही तेच. या गाडीला रिव्हर्स गिअर नाही, सीटवर बसून पायांनीच ती मागे रेटायची असते. पुढचं पाऊल टाकायला पाय मागे उचलला की फळी आडवी आलीच. होंडाने गोल्ड विंगच्या 1988 च्या जीएल1500 या मॉडेलपासून स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स देऊन टाकला. हार्लेवाल्यांच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या होत राहिल्या.

म्हणून अमेरिकेत कित्येक मालक कधीतरी सुट्टीच्या दिवशी पाने घेऊन बसतात आणि मागच्या दोन्ही फळ्या उतरवतात. का काढल्या म्हणून विचारलं, तर एक कारण हे पोटरीचं. दुसरं दिसण्याचं: मागच्या चाकापासून इंजिनापर्यंतची रेघ मोकळी दिसते, गाडी लांब आणि बुटकी वाटते. तिसरं म्हणजे, ‘मी एकटाच फिरतो, मागे कोण बसतंय?’ पहिलं कारण खरं आहे, ज्याला लागतं त्यालाच ते ठाऊक. दुसरं प्रामाणिक आहे. गाडी छान दिसावी म्हणून माणसं यापेक्षा वाईट उद्योग करतात. तिसऱ्यावर माझा विश्वास कमी. एकटा फिरणाऱ्याच्या गाडीवर मागची सीट बहुतेकदा तशीच असते. फळी गेलेली असते, सीट शाबूत असते.

मला या फळीची गोष्ट सांगावीशी वाटली ती त्या शाबूत सीटमुळे. तिच्यावर जे कोणी बसणार, त्याने पाय ठेवायचे कुठे?

फळी हातात घेऊन

पुण्यात मोठ्या गाड्यांचं काम करणारी काही छोटी वर्कशॉप आहेत. बाहेरून पाहिलं तर नेहमीचं गॅरेज वाटावं, आत मात्र हायड्रॉलिक लिफ्टवर अशी एखादी अल्ट्रा चढवलेली असते. अशाच एका ठिकाणी हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळालं. मालक पन्नाशीचे, कंपनीत वरच्या हुद्द्यावर. मेकॅनिकने गाडीला हात लावण्याआधी विचारलं, “साहेब, वहिनींना विचारलंय ना?”

साहेब हसले. “ती कुठे येते आता माझ्याबरोबर!”

“मग सीट पण काढू का मागची?”

“नको नको, सीट राहू दे.”

मेकॅनिक पुढे काही बोलला नाही. खाली बसून त्याने फळी वर दुमडली. मागच्या फळ्या बिजागरीवर असतात, नको तेव्हा वर दुमडून ठेवता येतात, हे कित्येक मालकांच्या लक्षातच येत नाही. पोटरीच्या दुखण्यावरचा अर्धा उपाय तोच: मागे कोणी नसेल तेव्हा फळी वर. त्यासाठी पाना लागत नाही. बहुतेक गाड्यांवर फळीची उंचीही कमी-जास्त करता येते. मागे बसणाऱ्याची उंची जशी, तसा फळी धरणारा कंस खाली-वर सरकवून पुन्हा आवळायचा.

फळी म्हणजे धातूची सपाट तबकडी, बाहेरची कड गोलसर. वर जाड रबर, त्यावर खाचा. रबर चिकटवलेलं नसतं. त्याच्या पोटाला रबराचेच छोटे खुंट असतात, ते तबकडीच्या भोकांमधून ओढून खाली काढलेले. जुनं रबर बदलायचं तर नव्याच्या खुंटांना साबणाचं पाणी लावून पक्कडीने ओढून घेतात. हा रबराचा थर नुसता पाय घसरू नये म्हणून नाही. मोठ्या व्ही-ट्विन इंजिनाचा थरथराट तळव्यापर्यंत पोचतो, तो बराचसा इथे मरतो.

तबकडी दोन पिनांवर झुलते आणि पिनांना बारीक लॉक असतात. हे लॉक काढताना मेकॅनिकने डावा हात आडवा धरला, कारण ते सुटलं की उडतं आणि मग लिफ्टखाली टॉर्च घेऊन शोधत बसावं लागतं. पिना निघाल्या, तबकडी हातात आली. उरला तो कंस, फ्रेमला ॲलन बोल्टांनी जखडलेला. खरी गंमत इथे होते.

ही हार्ले इंचाच्या मापात बनलेली. आपल्याकडच्या गॅरेजमधली पेटी मिलिमीटरची. पाच सोळांश इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, म्हणून कोणी तिथे आठची चावी ठोकून बसवतो आणि बोल्टाचं तोंड फाडून ठेवतो. तीन अष्टमांश इंच म्हणजे 9.53. तिथे दहाची जात नाही आणि नऊची गरगर फिरते. जुन्या फिटर लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही, कारण त्यांची जीभच सुतात चालते. आठ सुतांचा इंच. पाच सोळांश म्हणजे अडीच सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ही अमेरिकन गाडी परकी वाटत नाही, ती पुण्याच्या आयटीआयमधून ताज्या बाहेर पडलेल्या पोराला वाटते.

बोल्टाच्या आट्यांवर कारखान्यातच निळं लॉकटाइट लावलेलं असतं, थरथराटाने बोल्ट सैल होऊ नये म्हणून. त्यामुळे पहिला झटका जड जातो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा कंस यांच्यात ओल शिरली की दोन धातूंचं एकमेकांत पांढरं पीठ होऊन ते जाम बसतात. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने हे होतं. आपल्याकडे कोकणाची खारी हवा तेच काम करते. अशा वेळी चावीला नळी अडकवून जोर काढणारा बोल्ट तोडतो. त्याऐवजी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारावं, सकाळी हीटगनने जागा तापवावी, चावीचं टोक पूर्ण आत बसलंय याची खात्री करावी आणि मग सावकाश जोर लावावा. या मेकॅनिकने तसंच केलं. ‘टक्’ असा आवाज आला आणि त्याने मान डोलावली.

कंस निघाल्यावर भोकं उघडी ठेवायची नसतात. आत पाणी-चिखल जाऊन आटे खराब होतात आणि पुढे कधी फळी परत लावायची म्हटली की टॅप मारायची पाळी येते. छोटा बोल्ट ग्रीस लावून बसवायचा किंवा रबरी बूच मारायचं. काही गाड्यांवर त्याच बोल्टांवर आणखी एखादा भाग धरलेला असतो, तेव्हा लांबीला बरोबर असलेला दुसरा बोल्ट घालून तो पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळावा लागतो. हे बघायला कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. काही जण फक्त तबकडी काढतात आणि कंस तसाच सोडतात. ते सगळ्यात वाईट. बाहेर आलेला तो बोडका कोपरा पोटरीला फळीपेक्षा जास्त लागतो.

चहा होईस्तोवर दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. साहेब गाडीभोवती फिरून आले, मोबाइलमध्ये फोटो काढले. गाडी खरंच देखणी दिसत होती, हे मान्य करायला हवं. मागची सीट, तिच्या मागे पाठ टेकायला गुबगुबीत उशी, दोन्ही बाजूंना हात ठेवायची सोय. आणि खाली काही नाही.

मागच्या माणसाची जागा

मोटरसायकल जन्मली ती एकट्या माणसासाठी. 1903 मध्ये मिलवॉकीत विल्यम हार्ली आणि आर्थर डेव्हिडसन यांनी जे सुरू केलं, ते सायकलच्या सांगाड्यात इंजिन बसवण्याचंच काम होतं आणि सायकलवर एकच सीट असते. दुसरा माणूस आला तो साइडकारमधून. 1915 मध्ये ब्रुकलिनच्या एफी हॉचकिस या तरुणीने हार्लेला साइडकार जोडली, आत आपल्या आईला, ॲव्हिसला बसवलं आणि अमेरिका खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्को गाठलं. परतही आल्या. रस्ते म्हणावे असे रस्ते तेव्हा नव्हतेच. पण ॲव्हिसबाईंना पाय कुठे ठेवू असा प्रश्न पडला नसेल, त्यांच्या पायांखाली साइडकारचा अख्खा तळ होता.

साइडकार मारली फोर्डच्या मोटारीने. मॉडेल टी तीनशे डॉलरच्या खाली आली, मग कुटुंबासाठी तीन चाकांची कसरत कोण करणार? मोटरसायकल पुन्हा एकट्याची झाली आणि दुसरा माणूस साइडकारमधून उठून मागे येऊन बसला. हार्लेने 1930 च्या दशकात दोघांना पुरेल अशी रुंद ‘बडी सीट’ काढली. नाव मित्राचं असलं तरी तिच्यावर बसायचं ते चालवणाऱ्याला घट्ट चिकटून.

दुसऱ्या महायुद्धानंतर उलट वारं सुटलं. लष्करातून घरी आलेल्या तरुणांनी गाड्यांवरचं जे जे काढता येईल ते काढायला घेतलं. पुढचा मडगार्ड काढ, मागचा काप, सीट छोटी कर. वजन कमी, वेग जास्त. अशा गाड्यांना ‘बॉबर’ म्हणू लागले आणि त्यांच्यावर दुसऱ्या माणसाची सोय सगळ्यात आधी गेली. ‘ईझी रायडर’ हा 1969 चा सिनेमा या सगळ्या प्रकाराचं देवघर. त्यात जॅक निकल्सन फुटबॉलचं सोनेरी हेल्मेट घालून मागे बसतो. पिक्चर गाजला तो पुढच्याच्या लांबलचक फोर्कमुळे. मागच्याच्या पायांकडे बघितल्याचं मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला टूरिंग गाड्या वाढत होत्या. 1965 मध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर घेऊन इलेक्ट्रा ग्लाइड आली. 1970 च्या दशकात होंडाची गोल्ड विंग आली आणि तिने पुढे लांबच्या प्रवासाची सगळी मोजमापंच बदलली. मागे सामानाची मोठी पेटी, तिला पाठ टेकायची उशी, हातांसाठी टेकू, कानाशी स्पीकर आणि पायांखाली फळी. एवढी महागडी गाडी घ्यायची की नाही हे घरात दोघं मिळून ठरवतात, हे कंपन्यांना बरोबर कळलं असावं. हे माझं अनुमान, पण कुठल्याही शोरूममध्ये तासभर बसून बघा.

मग 2006 मध्ये हार्लेने स्ट्रीट ग्लाइड आणली. इलेक्ट्रा ग्लाइडचीच बहीण, पण मागची मोठी पेटी काढलेली. पेटीबरोबर मागच्याची पाठही गेली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. घरोघरी पाने घेऊन जे चाललं होतं, तेच कंपनीने कारखान्यातून करून दिलं. बाजूच्या दोन बॅगा तेवढ्या असलेल्या या ‘बॅगर’ गाड्यांच्या पुढे चक्क शर्यती भरू लागल्या. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लगुना सेका ट्रॅकवर पहिली झाली, टायलर ओहारा ‘इंडियन’ कंपनीच्या चॅलेंजरवर जिंकला. वळणावर गाडी जमिनीला लागेस्तोवर झोपवायची असते, त्यामुळे तिथे फळ्यांना जागाच नाही. पुढच्यालाही पेग, म्हणजे पाय टेकायचे दांडे, उंच करून घ्यावे लागतात. शर्यतीच्या गाडीवर दुसरी सीटच नसते, त्यामुळे तिथे माझी काही तक्रार नाही.

हापूस आणि हार्ले

या गाड्या भारतात आल्या त्यात महाराष्ट्राच्या आंब्याचा हात आहे. अमेरिकेने 1989 पासून भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं, फळातल्या किडीच्या भीतीने. आणि आपले उत्सर्जनाचे नियम व आयात शुल्क यांच्यामुळे हार्ले इकडे विकता येत नव्हती. 2007 मध्ये दोन्ही सरकारांनी दोन्ही गाठी एकदम सोडवल्या. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्यासाठी उभारलेल्या विकिरण केंद्रातून हापूस आणि केशर गेले, आणि आठशे सीसीवरच्या मोटरसायकलींसाठी इकडचे नियम शिथिल झाले. पुढे शुल्कावरून वाद चालू राहिला, पण 2010 मध्ये शोरूम उघडल्या. रोड किंग, स्ट्रीट ग्लाइड, अल्ट्रा क्लासिक इलेक्ट्रा ग्लाइड, सगळ्या. 2011 पासून हरियाणातल्या बावलमध्ये काही मॉडेलची जुळणीही होऊ लागली. 2020 मध्ये कंपनीने ते आवरतं घेतलं आणि हिरो मोटोकॉर्पशी हातमिळवणी केली. त्यातून 2023 मध्ये एक्स440 आली. लासलगावच्या कांदेवाल्याला यातलं काही माहीत असेल असं नाही.

म्हणून आज पुण्या-मुंबईत वापरलेल्या अल्ट्रा, रोड किंग फिरताना दिसतात, आणि हार्लेच्या फळ्या आपल्याकडेही उतरवल्या जातात.

आपली फळी

पण मागच्या माणसाच्या पायाखालची फळी आपल्याकडे हार्लेच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त तिला आपण ‘साडी गार्ड’च्या खात्यात टाकलंय.

भारतात विकली जाणारी साधी मोटरसायकल पाहा. सायलेन्सर उजव्या बाजूला. डाव्या बाजूला मागच्या चाकापुढे सळ्यांची किंवा पत्र्याची जाळी, आणि तिच्या तळाशी दोन्ही पावलं शेजारी-शेजारी मावतील अशी आडवी पट्टी. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी केलेली ही रचना. साडीचा पदर आणि निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी, पाय टेकायला पट्टी, आणि पोळू नये म्हणून सायलेन्सर पलीकडे. अमेरिकेतल्या फळ्या जोडीने येतात, कारण तिथला माणूस दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो. आपली एकच, एकाच बाजूला. बुलेट 1955 पासून मद्रासमध्ये जुळू लागली आणि चेतक 1972 पासून आकुर्डीत, तेव्हापासून आपल्या बायका डावीकडेच बसत आल्या. सहावारी साडीत दुसरा मार्गच नाही. नऊवारीत मात्र आहे, कारण काष्टा दोन्ही पायांमधून मागे जातो. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर स्वार झालेल्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्या नटण्यासाठी नऊवारी नेसत असतील, पण गाडीवर बसायला ती सोयीचीही आहे.

ही जाळी आणि पट्टी नव्या गाडीवरून सगळ्यात आधी उतरते. शोरूममधून गाडी बाहेर यायच्या आत पोरगं सांगतं, “साडी गार्ड काढून द्या.” पल्सर असो, ड्यूक असो, क्लासिक असो. काढलेली गार्ड कुठे जातात? थोडी घराच्या माळ्यावर आणि बाकीची भंगारात. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलंत तर वापरलेलं गार्ड सहज मिळेल. नवीन लग्न झालेला मुलगा कधीतरी ते परत घ्यायला येतो, असं तिथला एक दुकानदार हसत म्हणाला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तो मुलगा शहाणा आहे.

गार्ड काढल्यावर काय होतं ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा. मागे बसलेल्या लहान मुलाची टाच चाकाच्या आऱ्यांत जाणं ही इतकी नेहमीची जखम आहे की अस्थिशल्यशास्त्रात तिला ‘स्पोक इंज्युरी’ असं वेगळं नावच आहे. टाचेमागची कातडी सोलवटून निघते, कधी पायाचं हाड मोडतं. ओढणी चाकात गेली तर गळा आवळला जातो आणि गाडी थांबेपर्यंत उशीर झालेला असतो. वर्तमानपत्रांत आतल्या पानांवर अशा दोन ओळींच्या बातम्या येत असतात.

पायाला आधार नसेल तर आणखी एक गोष्ट होते, ती सावकाश. माणूस बसतो तेव्हा वजनाचा बराच भाग बुडावर असतो, पण खड्डा आला की तो नकळत पायांवर उचलतो. गुडघे आणि घोटे स्प्रिंगसारखे काम करतात. आधार काढला की प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. ब्रेक दाबला की मागचा पुढच्यावर येऊन पडतो, कारण पाय रोवायला काही नाही, मग त्याचा भार पुढच्याच्या मनगटांवर आणि गाडी पुढून जड. म्हणजे आधार नसला तर त्रास मागच्यालाच होतो असं नाही. पुढचा ब्रेक मारतो तेव्हा त्याच्या पाठीवर सत्तर किलो येऊन आदळतात. पेगवर तळव्याची एकच रेघ टेकते, फळीवर टाच आणि चवडा दोन्ही. तासाभराच्या प्रवासानंतर पाय पुढे-मागे सरकवायला जागा मिळते, पोटरीतलं रक्त फिरतं. पुण्याहून महाबळेश्वरला मागे बसून गेलेल्या कोणत्याही बाईला विचारा.

कायद्यात

कायद्याने हे सगळं आधीच लिहून ठेवलंय, फक्त वाचणारे कमी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 सांगतो की मोटरसायकलला मागच्याने धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं संरक्षण हवं, मागच्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. ते बसवण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची. 2008 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हे नसलेल्या गाड्यांची नोंदणी करू नका असा आदेश दिला. वाहन उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 2018 मध्ये तिथेही ती हरली. म्हणजे शोरूममध्ये दिसणारं साडी गार्ड कंपनीने प्रेमापोटी लावलेलं नाही.

ते काढून टाकणाऱ्या मालकाचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कारखान्याची मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा फेरफाराला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. नोंदणी पुस्तकात आसनक्षमता लिहिलेली असते. दोन माणसांची गाडी म्हणून नोंदलेल्या हार्लेची मागची फळी उतरवली आणि सीट ठेवली, तर कागदावर दोघांची गाडी आणि प्रत्यक्षात दीडाची. रस्त्यातला हवालदार फळीसाठी थांबवणार नाही हे मलाही माहीत आहे. पण अपघात झाला आणि मागच्याला लागलं, की विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो आणि त्याची नजर हवालदारापेक्षा तीक्ष्ण असते.

अमेरिकेत, जिथून हे फळी काढण्याचं प्रकरण आलं, तिथेही जवळजवळ सगळ्या राज्यांत मागे माणूस बसवायचा तर फूटरेस्ट लागतंच. कॅलिफोर्नियाचा कायदा तर पुढे जाऊन मागच्यालाही बांधून घालतो: गाडी चालू असेपर्यंत पाय फूटरेस्टवरच ठेवायचे. आधार देणं चालकाचं काम आणि तो वापरणं मागच्याचं. आपल्याकडे या दुसऱ्या भागाची सवय लावायला हवी. सीटवर बसून पाय हवेत झुलवणारी कॉलेजची पोरं रोज दिसतात.

तरीही फळी काढायचीच असेल, तर माझं म्हणणं असं. पोटरीला लागतंय म्हणून काढत असाल तर आधी ती वर दुमडून महिनाभर चालवून बघा, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यानेच होईल. दिसण्यासाठी काढत असाल तर तिच्या जागी दुमडणारे पेग लावा; ते कंपनी स्वतः विकते आणि रेघ फारशी बिघडत नाही. खरोखरच एकटे फिरत असाल तर मागची सीटही काढा आणि परिवहन कार्यालयात जाऊन कागदही तसे करून घ्या, म्हणजे लग्नाच्या वरातीत कोणीतरी उडी मारून मागे बसणार नाही. साध्या मोटरसायकलवरचं साडी गार्ड मात्र कुठल्याच कारणासाठी काढू नका. मागे साडी बसत नसेल, पण ओढणी बसेल, भाची बसेल, आणि तिची टाच आऱ्यांपासून चार बोटांवर असेल. फळी, पेग, गार्ड काहीही काढायच्या आधी, मागे जे बसतं त्याला गाडीपाशी बोलवा, बसवा आणि विचारा.